आभाळातली धूळ

१२ जानेवारी

अपा,

गिल्दार्दोची बस दहा मिनिटांत सेवियाला निघतेय आणि तो हॉर्न वाजवून माझा जीव खातोय, म्हणून थोडक्यात लिहिते. सोबत तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत आणि ताजे पांदेबोनो पाव. गोळ्या तुमच्या, पांदेबोनो फाबिओला आत्याचे. उलट करू नका.

फोन वाजला की तुम्ही उठून कॉफीच्या झाडांत जाऊन उभे राहता, असं आत्या सांगते. मग म्हटलं, पत्र लिहावं. पत्र आलं की ते निदान हातात तरी घ्यावं लागतं. फार तर तुम्ही ते फाडाल, पण तुम्ही कागद फाडणाऱ्यातले नाही, मागची कोरी बाजू वापरणाऱ्यातले आहात.

घरी सगळं ठीक. अंगणातला आंबा यंदा लवकर लागला आणि शेजारीण रोज विचारते, "लुसेली, बाबा कधी येणार?" मी म्हणते, येतील. आता तिलाही सवय झालीय, ती उत्तर ऐकायला थांबत नाही.

हंगाम सुरू झालाय. डोंगरावरून रोज शंभर-सव्वाशे जण पॅराग्लायडरचे पंख घेऊन उडतात. तुमच्या जागी काली शहराहून एक माणूस आणलाय. उड्डाण कधी सुरू करायचं आणि कधी बंद, हे तो तीन यंत्रं बघून ठरवतो. आभाळाकडे मान वर करून बघताना मी त्याला अजून पाहिलेला नाही. ज्या फळ्यावर तुम्ही गिधाडं मोजून खडूनं आकडा लिहायचात, त्यावर सरबतवाली आता 'लुलादा आहे, चोलादो संपला' असं लिहिते.

माझं बरं चाललंय. उडणाऱ्यांचे फोटो काढायचं उड्डाण मंडळाचं काम यंदाही माझ्याचकडे आहे.

गेल्या फेब्रुवारीबद्दल मी काही लिहिणार नाही. बैठकीत मला जे विचारलं त्याचं मी उत्तर दिलं. कुणीही दिलं असतं.

हा बघा, परत हॉर्न.

तुमची,
लुसेली

२१ जानेवारी

अपा,

पांदेबोनो तुम्हीच खाल्लेत, हे कळलं. पत्र उभ्या उभ्या वाचलंत, घडी घालून खिशात ठेवलंत आणि कुणाला काही न बोलता कॉफी वाळवायला गेलात, हेही कळलं. आत्याला बातम्या पोचवायचं काम सरकारनं पगार देऊन द्यायला हवं.

आज दिवसभर ढग होते. पांढरे, खाली राखी, कडा उजळलेल्या. तुम्हाला आवडायचे तसले. एकशे दहा फोटो काढले आणि दुपारी खाली येऊन साफ करायला बसले. हे काम मी नक्की कसं करते, ते तुम्ही कधी नीट विचारलं नाहीत. माझ्या पाठीमागे उभे राहून "अरे वा" म्हणायचात आणि काळी तिंतो कॉफी प्यायला निघून जायचात. आज सांगते.

लोकांना ढग आहे तसा नको असतो. घरी जाऊन बायकोला, मित्रांना दाखवायचा तर ढगाला जरा धाक हवा. मग मी आभाळाचा उजेड खाली आणते, राखी रंगाला निळसर काळ्याकडे नेते आणि पंखाचा लाल किंवा पिवळा रंग तेवढा उचलून धरते. माणूस एकदम शूर दिसायला लागतो. दहा मिनिटांचं काम आहे. इतक्या वर्षांत एकानंही तक्रार केली नाही की ताई, माझ्या वेळी आभाळ असं नव्हतं.

नेस्तोरनं तर तोंडानं मागितलं होतं. अर्जेंटिनाहून दरवर्षी यायचा तो, पिवळ्या पंखाचा. तुम्हाला त्याचा तो 'माते' नावाचा कडू चहा पाजायचा आणि तुमचं तोंड वाकडं झालं की हसायचा. त्या दिवशी, चार फेब्रुवारीला, पट्टे आवळता आवळता मला म्हणाला, "लुसे, आभाळ जरा भयानक कर हां. सिल्विनाला वाटतं मी इथं नुसता आंबे खात बसतो." मी म्हटलं, "असं करीन की ती तुला परत येऊच देणार नाही." आम्ही दोघं हसलो. तुम्ही हात वर करून उड्डाण खुलं केलंत, तो धावला आणि उडाला. एक वाजून बारा मिनिटं. कॅमेऱ्यानं वेळ लिहून ठेवलीय.

मी लगेच खाली आले आणि त्याच्या फोटोला बसले. पावणेदोनला ढग फुटला, वारा सुटला, हे मला घरात पत्रा वाजला तेव्हा कळलं. नेस्तोरसकट सगळे मैदानात उतरले असतील, असं मी धरून चालले. अडीचला मंडळाच्या पानावर फोटो टाकला, खाली 'आमचा शूर नेस्तोर' असं लिहिलं. तो मागच्या घळीत गेलेला सापडला तेव्हा चार वाजले होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रानं तोच फोटो छापला. त्या काळ्या आभाळात एकटा पिवळा पंख. ज्यानं पाहिला त्यानं एकच विचारलं, की अशा आभाळात या माणसाला सोडलं कुणी?

तर अपा, आभाळ मी गडद केलं होतं. हे मी मंडळाच्या चौकशीच्या बैठकीत बोलले नाही. पण तेवढ्यानं तुम्हाला काढायचा निकाल बदलला असता, असं मला वाटत नाही. ढग होताच की. आणि खरं सांगू, तो फोटो इतक्यांदा पाहिला, इतक्यांच्या हातात पाहिला, की मलाच वाटायला लागलं, आभाळ तसंच होतं. तुम्ही चुकलात, असंही वाटलं. बराच काळ वाटलं.

गोळ्या सकाळची एक, संध्याकाळची अर्धी. संध्याकाळची पूर्ण नाही.

लुसेली

५ फेब्रुवारी

अपा,

मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं. उरलेलं आज लिहिते. हे पत्र बसून वाचा.

काल सिल्विना आली होती. नेस्तोरची बायको. वर्ष झालं म्हणून डोंगरावर फुलं ठेवायला आली आणि तिथून पत्ता विचारत आपल्या घरी. उंच आहे, हळू बोलते. मी कॉफी केली, तिनं घेतली नाही. पिशवीतून तो फोटो काढला. त्यांच्या घरी भिंतीवर लावलाय म्हणे, मोठा करून.

म्हणाली, "माझा धाकटा सात वर्षांचा आहे. परवा विचारत होता, आई, बाबाला एवढं काळं आभाळ दिसलं नाही का? मी काय सांगू त्याला? तू तिथं होतीस. सांग मला. तो इतका मूर्ख होता का? का आम्हीच त्याला एवढे नकोसे झालो होतो?"

मी म्हटलं, मला नीट आठवत नाही.

हेच वाक्य मी वर्षभर सगळ्यांना सांगतेय. तिनं मान हलवली, फोटो नीट पिशवीत ठेवला आणि माझे आभार मानून गेली. आभार, अपा.

ती गेल्यावर मी संगणक उघडला. मूळ फोटो पुसून टाकले, असं मी स्वतःला सांगत आले होते. पुसलेले नव्हते. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीचा कप्पा तसाच होता. चार तारखेवर बोट ठेवायला मला फार वेळ लागला. उघडलं तर आभाळ पांढरं होतं. खाली राखी, कडा उजळलेल्या. आणि त्यात गिधाडं होती.

आता ते लिहिते, जे तुम्हाला मनातून ठाऊकच असणार.

आठवतं, बोगोताची एक बाई आली होती? तिच्या फोटोत डोक्यावर बरोब्बर एक गिधाड आलं होतं आणि ती किंचाळली, "हा मेला माझ्या मरणाची वाट बघतोय की काय!" तुम्ही पोट धरून हसलात आणि मला म्हणालात, "पूस गं पोरी ते. बाईला झोप लागायची नाही." तेव्हापासून मी सगळ्यांच्याच फोटोतून गिधाडं पुसते. मला त्यासाठी वेगळा शब्दही नाही. कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर कण बसला की फोटोत काळा ठिपका येतो, तो काढायचं जे साधन असतं, त्यानंच गिधाडही जातं. एक टिचकी, एक गिधाड. मी त्याला धूळ झाडणं म्हणते. आभाळात जे जे बारीक आणि काळं, ते ते माझ्या लेखी धूळ.

नेस्तोरच्या फोटोतून मी धूळ झाडली होती. सवयीनं, गाणं ऐकत.

आणि मग ती बैठक. तुम्ही टोपी हातात घेऊन उभे होतात. म्हणालात, "वर सतरा गिधाडं होती. मी मोजून फळ्यावर लिहिली होती. गिधाडं फिरतायत तोवर हवा चांगली असते. ती खाली येऊन टाकीवर बसली की मी माझ्या बापालाही सोडत नाही." फळ्यावरचा आकडा पावसानं धुऊन नेला होता. मंडळाचे अध्यक्ष डॉन आर्लेस यांनी वर्तमानपत्र टेबलावर पसरलं आणि म्हणाले, "डॉन एवेलियो, सतरा राहू द्या. यात मला एक दाखवा."

तुम्ही चष्मा लावलात. केवढा वेळ बघत होतात. मग ढगाच्या सगळ्यात काळ्या कोपऱ्यात बोट ठेवलंत. "हे एक."

आर्लेसनी अंगठ्यानं तिथं पुसलं. "अहो, ही धूळ आहे. छपाईतली." लोक हसले. अपा, ते गिधाडच होतं. मी आभाळ इतकं काळं केलं होतं की ते एक मला पुसताना दिसलंच नव्हतं. तुम्हाला दिसलं.

तुम्ही माझ्याकडे वळलात. "पोरी, सांग यांना."

आणि मी म्हटलं, "फोटो कॅमेऱ्यातून आला तसाच आहे."

का म्हटलं, हे मी वर्षभर वेगवेगळ्या प्रकारे स्वतःला समजावलंय. तोवर मी आपली आपण फोटो काढून विकायचे; मंडळाचं काम मला आठवडाभर आधीच मिळालं होतं आणि फोटोत फेरफार करणार नाही, अशी सही मी केली होती. शूर नेस्तोर असं मीच लिहिलं होतं आणि तो तेव्हा घळीत पडलेला होता, याची लाज होती. पण खरं कारण एवढंच की खोलीत पन्नास माणसं होती आणि मी घाबरले. तुम्ही सांभाळून घ्याल, असं वाटलं. नेहमी घेता तसं.

तुम्ही सांभाळूनच घेतलंत. गिधाडं मी पुसते, हे तुम्हाला माहीत होतं, तुम्हीच तर सांगितलेलं. तोंडातून ब्र काढला नाहीत. निदान मला वाचवायला गप्प राहिलात, असं मला तेव्हा वाटलं. पण मग घरी आल्यावर तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात आणि मला विचारलंत, "लुसेली, खरंच नव्हती का गं?"

ते मला टोचायला विचारलेलं नव्हतं. तुम्हाला खरोखर जाणून घ्यायचं होतं. तीस वर्षं ज्या डोळ्यांवर तुम्ही माणसं हवेत सोडलीत, त्या डोळ्यांबद्दल तुम्ही मला विचारत होतात.

मी म्हटलं, "मला आठवत नाही, अपा."

तिसऱ्या दिवशी तुम्ही बॅग भरलीत. सगळ्यांना वाटतं, तुम्ही रागावून गेलात किंवा पद गेलं म्हणून गेलात. मला ठाऊक आहे, तुम्ही का गेलात. आत्या म्हणते, तिकडून आपला डोंगर दिसतो आणि तुम्ही त्या बाजूला खुर्ची लावत नाही.

मी उद्या आर्लेसकडे जाते.

लुसेली

११ फेब्रुवारी

अपा,

गेले होते. आर्लेस आपल्या दुकानात खिळे मोजत होते. संगणक काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, बघा. मूळ फोटो, बाजूला छापलेला.

हातातले खिळे त्यांनी परत डब्यात टाकले. मग म्हणाले, "हे आता कशाला उकरतेस, बेटा? वर्ष झालं. माणूस मेला तो मेला. तुझे बाबा तिकडे निवांत आहेत."

"ते निवांत नाहीत."

"तुझं काम जाईल. मी थांबवू शकणार नाही. सही आहे तुझी."

"माहीत आहे."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पडद्यावर गिधाडं मोजायला लागले. दोनदा चुकले. मग पेन्सिल खाली ठेवून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसले. म्हणाले, "याच अंगठ्यानं पुसलं ना मी?" मी हो म्हटलं. त्यांच्यावर रागवायचा विचार होता, पण राग आला नाही.

काल संध्याकाळी सहाला बैठक झाली. त्याच खोलीत, तीच माणसं. दोन्ही फोटो भिंतीवर दाखवले. मी उभी राहिले आणि जे तुम्हाला लिहिलं ते सगळं बोलले, बोगोताच्या बाईसकट. या वेळी कुणी हसलं नाही. मागून एक जण ओरडला, "म्हाताऱ्याला खोटं पाडलंस तू, पोटची पोर असून!" मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

मंडळानं लेखी दिलंय की एक वाजून बारा मिनिटांनी उड्डाण खुलं करणं योग्य होतं. कागद सोबत आहे. त्याची कोरी बाजू वापरू नका. माझं काम गेलं, ते रीतसरच गेलं. आता लग्नांचे फोटो काढीन. तिथं गिधाडं नसतात, नवऱ्याकडची माणसं असतात.

मूळ फोटो सिल्विनाला पाठवला. तिनं एकच ओळ लिहिलीय: "किती छान आभाळ होतं." ती ओळ वाचून मी अंगणात जाऊन रडले. शेजारणीनं या वेळी उत्तर ऐकायला थांबायची तसदी घेतली, पण मी तिच्या हातात नुसता एक आंबा ठेवला.

कागदानं नेस्तोर परत येणार नाही, हे तुम्ही म्हणाल. हात तुम्हीच वर केला होता आणि तो तुमच्या डोळ्यांसमोरून उडाला, हे तुमच्याकडून कुणीच काढून घेऊ शकत नाही. ते मी मागतही नाही. मला फक्त तुमचे डोळे परत करायचे आहेत. म्हणून मूळ फोटो छापून पाठवतेय. काहीही केलेलं नाही त्यात. आभाळ जसं होतं तसं.

एक सांगायचं राहिलं. मी स्वतः तीनदा मोजली. तुम्ही सतरा म्हणाला होतात. अठरा आहेत, अपा. एक तुमच्या नजरेतून सुटलं. चालायचंच.

तुमची,
लुसेली

२५ फेब्रुवारी

अपा,

काल गिल्दार्दो स्वतः दारापर्यंत आला. आजपर्यंत कधी सीटवरून उतरला नव्हता. म्हणाला, "तुझ्या बापानं दिलंय. दुमडायचं नाही, अशी ताकीद होती. अख्खा रस्ता मांडीवर घेऊन बसलो, गिअर बदलायची पंचाईत." पाकिटात फोटो होता. मला वाटलं, तुम्ही परत पाठवलात. तसाच हातात घेऊन मी पायरीवर बसले.

मग पेन्सिलीचे आकडे दिसले. प्रत्येक गिधाडाशेजारी एक, तुमचे ते बारीक, मागे झुकलेले आकडे. एक, दोन, तीन. ढगाच्या पोटाखालची चार एकत्र, त्यांच्यातही तुम्ही गल्लत केली नाही. पिवळ्या पंखाच्या कडेला अर्धं दिसणारं चौदावं. त्या काळ्या कोपऱ्यातलं, जे आता काळ्या कोपऱ्यात नाही, त्याला पहिला नंबर दिलाय. सतरापर्यंत.

अठराव्याला आकडा नव्हता. त्याच्याभोवती गोल काढला होता. मागच्या कोऱ्या बाजूला दोन ओळी.

"सतराच. अठरावं गिधाड नव्हे, त्याला पंख नाहीत. कॅमेरा पूस, पोरी."

मी आत धावले. संगणक उघडला आणि त्या दिवशीचा पुढचा फोटो पाहिला, मग त्याच्या पुढचा, असे सहा. सगळी गिधाडं जागा बदलतात, वर चढतात, एकमेकांना ओलांडतात. तो एक ठिपका सहाही फोटोंत जिथल्या तिथं आहे. बारा वर्षं मी याच कामाची भाकरी खाते आणि मला ते ओळखू आलं नाही. तुम्ही सेवियात बसून, कागदावरच्या एका फोटोवरून ओळखलंत.

धूळच होती, अपा. तेवढी पुसली. सतरा तशीच आहेत.

लुसेली